निरगुडीच्या काठ्या कुणी उपटल्या

पाणी उतरायला लागलं की मला राग येतो. या दिवसांत लोकांना आंबे आठवतात, लग्नसराई आठवते, गावोगावच्या जत्रा आठवतात. मला भाटघर धरणाचा मागे मागे सरकणारा काठ दिसतो आणि कानशिलं तापतात. यंदा तर पाणी बघायलाही जावं लागलं नाही. भोरच्या बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. तिथं परवा नामादादा, माझा मामेभाऊ, काडी मोडलेला चष्मा घेऊन आला. तो बाकावर बसला आणि माझी नजर त्याच्या चपलांवर गेली. वाळून पांढरा पडलेला गाळ. पाणी खाली गेलं का, असं मी विचारलं. गेलं की, जुनी वाट उघडी पडली, असं तो म्हणाला. मी काडी बसवली आणि स्क्रू इतका आवळला की काच तडकायचीच बाकी राहिली.

खरं तर हा माझा सगळ्यात लाडका ऋतू. मामाचं गाव धरणाच्या फुगवट्यावर आहे. श्रावणात पाणी गोठ्याच्या खालच्या बांधाला येऊन टेकायचं आणि चैत्र-वैशाखात इतकं लांब जायचं की धुणं घेऊन जाणाऱ्या बाया वाटेत एकदा टेकायच्या. शाळेची परीक्षा संपली की आई मला तिकडं पाठवून द्यायची. उतरणारं पाणी डोंगराच्या अंगावर रेघा ठेवून जातं, दूध आटवलेल्या पातेल्याच्या कडेला राहतात तशा. त्या रेघांच्या खाली एक वेगळाच मुलूख उघडा पडतो. जुन्या बांधांचे दगड, शिंपले, कुणाच्या तरी विहिरीचा काठ, काळी ठिक्कर पडलेली झाडांची खोडं. गाळ वाळताना त्याला वास येतो, थोडा माशाचा, थोडा कुजलेल्या गवताचा. बाहेरच्या माणसाला ती घाण वाटते. मला त्या वासानं भूक लागते.

त्या काठावर बसवून मामानं मला गळ टाकायला शिकवलं. मोरपिसाचा देठ कापून त्याचं तरंगणारं बूच करायचं, कणकेत भुईमुगाची पेंड मळायची, आणि गप्प बसायचं. मामी म्हणायची, पोरीच्या जातीला हे कशाला. मामा म्हणायचा, गप बसाय शिकती हाय, शिकू दे. ते शिक्षण मला पुढं फारसं लाभलं नाही, हे माझ्या ओळखीचं कुणीही सांगेल.

उघड्या पडलेल्या गाळावर गावची माणसं पेरतात. गाळपेर म्हणतात त्याला. पाणी जसं खाली जाईल तसं त्याच्या मागोमाग भुईमूग, काकडी, जनावरांसाठी कडवळ. खत नको, फार मशागत नको. पण या मऊ रानात एक खोट आहे. पूर्वी जिथं ओढे येऊन मिळायचे तिथं वरून खपली धरते, भेगा पडतात, बघणाऱ्याला वाटतं चांगली टणक जमीन आहे. आणि खाली माणूस गिळेल इतका चिखल. मामाकडे त्याला रुपण म्हणतात. दर साली रुपण थोडी इकडची तिकडं होते. म्हणून गावात एक पद्धत आहे. ज्याचा पेरा रुपणीला लागून असेल त्यानं तिच्या कडेनं निरगुडीच्या काठ्या रोवायच्या. निरगुडीच का, तर तिला जनावर तोंड लावत नाही. काठी बेचक्याची घ्यायची आणि वरच्या बेचक्यात पाल्याची जुडी अडकवायची, म्हणजे लांबून दिसते. पाणी आणखी उतरलं की काठ्यांची ओळही आणखी खाली न्यायची.

मामाच्या घरात हे काम मामानंतर नामादादाच्या बायकोकडे आलं. पारूवहिनी. मी तिच्या नवऱ्याची आतेबहीण, म्हणून वयानं माझ्याहून मोठी असूनही ती मला 'वन्सं' म्हणते. ती टाचेनं गाळ दाबत पुढं जाते आणि काठ्या रोवत मागं येते. यात काही मोठी विद्या नाही. गावातल्या कुठल्याही घरात हे काम कुणी ना कुणी करतंच. दारात दिवा लावावा तितकं ते रोजचं आहे आणि म्हणून त्याबद्दल कुणी बोलतही नाही.

मधली बरीच वर्षं माझा गळ सुटला होता. दुकान, आईचं आजारपण, मग आई गेली. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं आणि फोनवर एक ग्रुप सापडला, हौशी गळवाल्यांचा. 'गळ आणि गप्पा' असं साधंसुधं नाव. आत शिरले आणि वेड लागल्यासारखी वाचत बसले. किकवीचा एक जण मोटरसायकलवर काठी बांधून कुठं कुठं जायचा आणि बुचांचे प्रकार दाखवायचा. पालीचा एक जण राजगडाखालच्या ओढ्यातल्या बोटभर माशांचे फोटो टाकायचा, पकडायचा आणि परत सोडायचा. वरव्याचा एक दत्ता होता, जवळच्या कारखान्यात पाळीवर कामाला. सुटी झाली की थेट पाण्यावर. मरळीला बेडकाचं आमिष चांगलं की गांडुळाचं, यावर हे लोक हातघाईवर यायचे. चाळिशी उलटलेल्या बाईला कुणीतरी मनापासून विचारतं, ताई, पेंडीत हळद घालता का? माझ्या आयुष्यात इतका सुंदर प्रश्न मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. मी मामाची काठी माळ्यावरून काढली.

ग्रुपचा अ‍ॅडमिन सुहासराव. पुण्यात त्याचं काठ्या, रिळं, दोऱ्या विकायचं दुकान. माणूस हुशार, बोलायला गोड. ग्रुप त्यानं मेहनतीनं वाढवलेला, हे मी आजही नाकारत नाही. एरवी अशा ग्रुपांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. दार सताड उघडं टाकलं की आधी सुप्रभाताची फुलं येतात, मग कर्जवाले येतात, मग भलत्यासलत्या फिती येतात, आणि शेवटी ज्यांना खरंच माशांबद्दल बोलायचं असतं ती माणसं निघून जातात. दारावर कुणीतरी हवाच. पाणवठ्यावर सुद्धा भांडी कुठं घासायची आणि प्यायचं कुठून भरायचं याचा नियम असतो, आणि तो मोडणाऱ्याला बाया सोडत नाहीत. माझा राग अ‍ॅडमिन असण्यावर कधीच नव्हता.

पहिला खडा लागला तो एका फोटोवरून. मला चांगली हातभर मरळ मिळाली होती. ती धरून उभी असलेला फोटो नामादादानं काढला आणि मी तो हौसेनं टाकला. खाली काय काय आलं! ताई, मासा बघू की तुम्हाला बघू. कालवण करायला कधी येऊ. घरचे मासे सोडून धरणावर कशाला जाता. मी एकाला उत्तर दिलं, की तुझ्या आईला हा प्रश्न विचारून ये. माझं उत्तर दहा मिनिटांत गायब. त्यांचं सगळं जागच्या जागी. सुहासरावांनी मला वेगळा निरोप पाठवला, ताई, पोरं थट्टा करतात, मनावर घेऊ नका, वातावरण बिघडतं. म्हणजे थट्टेनं वातावरण बिघडत नव्हतं, मी बोलले म्हणून बिघडलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तरीही मी ग्रुप सोडला नाही. पेंडीत हळद घालणारी माणसं मला दुसरीकडं कुठं मिळणार होती?

मग तो उन्हाळा आला. पाणी लवकर उतरलं होतं आणि सुहासरावांनी स्पर्धा जाहीर केली. सगळ्यात मोठा कटला धरणाऱ्याला त्यांच्या दुकानातली काठी. जागा ठरली ती नेमकी मामाच्या गावाखालची. मला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. स्पर्धेच्या आधी दोन-तीन आठवडे पुण्याहून गाड्या यायला लागल्या. लोक जागा हेरायला यायचे, सरावाला बसायचे. एका सुटीच्या दिवशी मीही गेले, तर काठावर ओळीनं बसलेली मंडळी, आणि प्रत्येकाच्या गळाची काठी एकेका बेचक्यावर टेकवलेली. निरगुडीच्या बेचक्यावर. पाल्याच्या जुड्या मागं फेकून दिलेल्या.

मला आधी हसूच आलं. गाळात तयार बेचकी रोवलेली दिसली, त्यांना वाटलं आधी येऊन गेलेल्या कुणा गळवाल्यानं सोडलेली आहेत. गळवाल्याच्या डोळ्याला जगात फक्त गळाच्या सोयीच्या वस्तू दिसतात, मीही त्याच जातीची. मी त्यांना सांगितलं. त्यांनी सॉरी मॅडम म्हणून काठ्या परत दिल्या, आणि पारूवहिनी बडबडत पुन्हा रोवत गेली. पण आज हे, उद्या दुसरे. रोज संध्याकाळी वहिनीनं काठ्या रोवायच्या आणि सकाळी येणाऱ्यांनी उपटायच्या. तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं. अगदी शहाण्यासारखं लिहिलं होतं: फुगवट्यावर गाळात निरगुडीच्या काठ्या दिसतील, त्या रुपणीची खूण आहेत, त्या उपटू नका, माणूस आत जाईल.

ते काढून टाकलं गेलं. कारण खाली एक ओळ: ग्रुप फक्त मासेमारीसाठी आहे, शेतीचे विषय नकोत. मी पुन्हा लिहिलं, जरा चढ्या आवाजात. तेही गेलं, आता कारण, स्थानिक आणि बाहेरचे असा वाद नको. तिसऱ्यांदा मी लिहिलं की तुमच्या स्पर्धेला गालबोट लागेल म्हणून तुम्ही माणसाचा जीव धोक्यात घालताय. यावर मला स्पर्धा होईपर्यंत बोलायला बंदी. मी वाचू शकत होते, लिहू शकत नव्हते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा असतो हे मला तेव्हा कळलं. त्याच दिवशी त्याच ग्रुपवर कटल्यासाठी कणकेत वेलदोडा घालावा का, यावर शंभर जण बोलत होते.

विषयाला धरून बोला. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता अंगावर काटा येतो. विषय कुठला ते कोण ठरवणार? काठावर टणक जागी बसलेल्या माणसाला विषय फक्त मासा असतो. गाळ हा विषय ज्याला त्यात पाय घालावा लागतो त्याचा. मी कुणाच्या पक्षाचं, कुणाच्या देवाचं काढलं नव्हतं. पाय कुठं द्यायचा एवढंच सांगत होते. पण स्पर्धेच्या जागेबद्दल एक वाईट शब्द नको, कारण जागेचं नाव खराब झालं की माणसं येणार नाहीत, आणि माणसं आली नाहीत की काठ्या-रिळं खपणार नाहीत. हे उघड होतं. राग याचा येतो की ते कुणी उघड म्हणत नाही. नियम म्हणतात, शिस्त म्हणतात, वातावरण म्हणतात.

स्पर्धेच्या दिवशी मी दुकानात होते. मुद्दाम गेले नाही, रुसले होते म्हणा. जे झालं ते मला नामादादानं आणि दत्तानं सांगितलं. ऊन उतरल्यावर पारूवहिनी कडवळ कापून भारा डोक्यावर घेऊन निघाली. डोक्यावर भारा असला की खाली नीट दिसत नाही; काठ्यांच्या आतनं चालायचं, एवढंच पायाला ठाऊक. दुपारी तिनं रोवलेल्या काठ्या मधल्या वेळात पाण्याजवळ गेल्या होत्या. त्यातल्या काही तशाच, पाल्यासकट, रुपणीच्या पलीकडच्या कडेला रोवलेल्या. ती त्यांना बघून चालत गेली आणि मांडीपर्यंत आत गेली. भारा टाकून निघायला धडपडली तशी कमरेपर्यंत गेली.

नामादादा आणि गावातले दोघे घरातली बाज घेऊन धावले. बाज गाळावर आडवी टाकायची, तिच्यावर पालथं पडून दोर द्यायचा, ही इथली रीत. दत्ता सगळ्यात पुढं होता, हेही सांगायला हवं. ग्रुपमधलेच आणखी दोघं-तिघं दोर ओढायला आले. बाकीचे काठावर उभे होते. वहिनी निघाली. पण निघताना एक पाय आत पिळवटला गेला होता. तिचा गुडघा त्या दिवसापासून गेला तो गेलाच. आता ती चार पावलं टाकते आणि थांबते.

आणि मग तो व्हिडिओ आला. काठावर उभ्या राहिलेल्यांपैकी कुणीतरी काढलेला. चिखलात कमरेपर्यंत रुतलेली बाई, पदर सुटलेला, हात हलवतेय, आणि वरून कसलंसं ठेक्याचं गाणं. खाली लिहिलं होतं, स्पर्धेतला सगळ्यात मोठा मासा. मी दुकानात गिऱ्हाइकाचा नंबर तपासत होते आणि फोन वाजत राहिला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले ते पिवळे चेहरे, एकाखाली एक. बक्षीस मावशीला द्या. गळाला काय आमिष लावलं होतं. मी समोरच्या आजोबांना म्हटलं, आज जमणार नाही, उद्या या. 

मी सुहासरावांना फोन केला. मला ग्रुपवर अजूनही बंदी होती, फोनवर नव्हती. म्हटलं, तो व्हिडिओ आत्ता काढा. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ. 'ताई, उद्या मी हे काढलं तर लोक म्हणतील अ‍ॅडमिन हुकूमशाही करतो. ज्यानं टाकलं ते त्याचं स्वातंत्र्य आहे. आणि त्या बाई सुखरूप आहेत ना? मग?'

स्वातंत्र्य! काठ्या उपटू नका म्हणायचं स्वातंत्र्य मला नव्हतं, आणि काठ्या उपटल्यामुळे रुतलेल्या बाईला हसायचं स्वातंत्र्य जगाला होतं. मी त्यांना त्या दिवशी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. छापता येणार नाही. मोकळं बोलू द्यावं की आवर घालावा, यावर शिकलीसवरली माणसं मोठमोठे वाद घालतात. मला इतकंच दिसलं की एकाच माणसाच्या एका हातात झाकण होतं आणि दुसऱ्या हातात भोंगा, आणि कुणासाठी कुठला हात वर करायचा ते तो बघून ठरवत होता.

चार दिवसांनी दत्तानं मला एक फीत पाठवली. तोच व्हिडिओ, पण गाणं चढवायच्या आधीचा. ज्यानं काढला त्याच्याकडून यानं मागून घेतलेला. दुकानात कुणी नव्हतं. मी ऐकला. वहिनी हात हलवत होती ते 'वाचवा' म्हणून नव्हे. ती धावत येणाऱ्यांना ओरडून सांगत होती, 'हिकडनं येऊ नगा! हितं बी हाय! बाभळीच्या अंगानं या!' पुन्हा पुन्हा तेच. स्वतः कमरेपर्यंत आत, आणि दुसऱ्यांना पाय कुठं द्यायचा ते सांगतेय. तेवढा आवाज पुसून त्यावर गाणं घातलं होतं. मी शटर ओढून घेतलं आणि आत बसून रडले. रागानं रडले. दुःखाचं रडू वेगळं असतं, त्यानं माणूस हलका होतो. यानं झाले नाही.

वहिनीनं तो व्हिडिओ पाहिला होता का, हे विचारायची मला भीती वाटत होती. तिनंच विषय काढला. मी तिच्या गुडघ्याला शेक द्यायला बसले होते. हसले म्हणून काही नाही, असं ती म्हणाली. चिखलात पडलेल्या माणसाला हसतातच, आपणही हसलोय. मग म्हणाली, 'पर वन्सं, म्या येवढी वराडत व्हते, त्ये कुठं गेलं?' आवाज काढून टाकता येतो, हे तिला समजावून सांगायची मला लाज वाटली. जणू मीच तो काढला होता.

यथावकाश व्हिडिओ खाली गेला. कुणी काढला नाही, नव्या करमणुकीखाली गाडला गेला, इतकंच. माझी बंदी उठली. मी पुढं वर्षभर त्या ग्रुपवर अक्षर लिहिलं नाही. गळ मात्र सोडला नाही. पाऊसकाळात भरल्या पाण्यावर बसले, थंडीत धुक्यात बसले. बूच हलतं तेव्हा आजही छातीत तेच होतं जे मामाशेजारी बसून व्हायचं. माझा छंद कुणाच्या बापाचा नाही.

तर यंदा पाणी पुन्हा उतरलं, नामादादाच्या चपला दिसल्या, आणि त्याच आठवड्यात सुहासरावांचा निरोप आला. स्पर्धा यंदाही तिथंच. ताई, तुम्ही स्थानिक आहात, जागेची माहिती ग्रुपवर द्याल का? कुठून उतरावं, कुठं बसावं. फक्त माहिती, मागचा विषय नको.

मी ठरवलं, एक अक्षर सांगायचं नाही. जाऊ देत खड्ड्यात. अक्षरशः जाऊ देत. मनातल्या मनात मी एकेकाला त्या रुपणीत उतरवलं, कमरेपर्यंत, आणि काठावर उभी राहून गाणं लावलं. फार बरं वाटलं. हे मी गावी जाऊन वहिनीला सांगितलं, थोडं फुशारकीनंच. ती शेंगा फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, 'आन् काढाया कोन उतरनार? तुमचा दादाच ना?'

माझा राग दुकानात बसून होता. तिच्या रागाला घरातला माणूस गाळात पाठवावा लागला असता.

म्हणून मी लिहिलं. कुठून उतरायचं, कुठं बसायचं, काठ्या कशाच्या खुणा आहेत, आणि त्या गेल्या वर्षी उपटल्या तेव्हा काय झालं, कुणाचा गुडघा गेला, कुणी हसलं. सगळं सलग. सुहासरावांनी तासाभरात कळवलं की पहिला भाग उत्तम आहे, दुसरा काढून टाका, म्हणजे ठेवतो. मी म्हटलं, दुसरा भाग नसेल तर पहिल्याला कुणी विचारणार नाही. नुसत्या नियमाला कोण भीक घालतं, गुडघा गेला म्हटल्यावर माणूस थांबतो. अर्धं ठेवायचं असेल तर सगळंच काढा. त्यांनी सगळंच काढलं.

स्पर्धेच्या सकाळी मी दुकान बंद ठेवून गावी गेले. जाताना डोक्यात होतं की वाटेवर उभं राहून एकेकाला सांगायचं, आणि सुहासराव दिसले की त्यांनाही काय ते सुनवायचं. वाक्यं तयार होती. पण माझ्या आधीच वहिनी तिथं होती. गुडघ्यामुळे तिला उभं राहवत नाही, म्हणून नामादादानं तिच्यासाठी बाज आणून वाटेतच आडवी टाकली होती, अशी की खाली जाणाऱ्याला तिच्याजवळ थांबल्याशिवाय जाताच येऊ नये. पुण्याच्या गाड्या वर लागल्या होत्या. माणसं काठ्या, खुर्च्या, थंड पाण्याचे डबे घेऊन उतरत होती आणि बाजेपाशी अडत होती. ती प्रत्येकाला सांगत होती. काठ्या कुठं आहेत, कशासाठी आहेत, ती कुठं रुतली, कसं ओढलं, गुडघ्यात काय झालं. साडी थोडी वर घेऊन सुजलेला गुडघा दाखवत होती. तोच मजकूर, पहिल्याला तसाच दहाव्याला, न कंटाळता. काही जण मान खाली घालून ऐकत होते. एकानं फोन वर केला, तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, त्यानं फोन खिशात ठेवला.

सुहासराव आले. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, हातात बक्षिसाची काठी. मी वहिनीला डोळ्यानं खुणावलं, हाच तो. त्यांनी मला पाहिलं आणि हसून हात जोडले. वहिनीचं बोलणं त्यांनी थोडा वेळ ऐकलं, घड्याळ बघितलं, मागं खोळंबलेल्या माणसांकडे बघितलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, 'मावशी, सगळ्यांना कळलं आता. वेळ होतोय. झालं ना सांगून?'

वहिनीनं बाजेवरची वैरणीची पेंढी उचलून बाजूला ठेवली आणि जागा करून दिली.

'बसा हितं,' ती म्हणाली. 'माझं अजून झालं न्हाई.'